‘अ’ची कळ

आमच्या कीबोर्डावरचा ‘अ’ बिघडला. ‘गेला’ असे मी मुद्दामच म्हणत नाही. गेला असता तर एका दिवसात प्रकरण मिटले असते. गेलेल्या वस्तूचे एक बरे असते, तिच्याकडून कोणी काही अपेक्षा ठेवत नाही. आमचा ‘अ’ दहा वेळा दाबला तर सात वेळा उमटायचा आणि तीन वेळा नाही. बरे, ती तीन वेळा कोणती, हे आधी कळायची काही सोय नाही. आमच्या नळाचेही असेच आहे, पण नळ निदान यायच्या आधी खोकतो तरी.

आता तुम्ही म्हणाल, एका अक्षराचे ते काय एवढे! पण मराठी टंकनाची ‘इनस्क्रिप्ट’ नावाची जी मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवून दिली, तिच्यात इंग्रजी ‘डी’च्या कळीवर दोन कामे सोपवलेली आहेत. नुसती दाबली तर अक्षराचा पाय मोडतो, म्हणजे पुढचे अक्षर त्याला जोडता येते. शिफ्टबरोबर दाबली तर ‘अ’ उमटतो. थोडक्यात, जोडायचे काम त्याच कळीकडे आणि नाकारायचे कामही तिच्याकडेच. आमच्या सोसायटीत ही दोन्ही कामे चिटणिसाकडे असतात, आणि चिटणीस मी आहे. तेव्हा ती कळ का थकली असेल, याची मला थोडीफार कल्पना आहे.

जोडाक्षर फसले तर लगेच दिसते. ‘विद्यार्थी’चा ‘विदयारथी’ झाला की शेंबडे पोरही हसते. ‘अ’चे तसे नाही. ‘अ’ गळाला की मागे जो शब्द उरतो तो चांगला धडधाकट, आंघोळ करून गंध लावून बसलेला शब्द असतो. संगणकातल्या शुद्धलेखन तपासनिसालाही त्यात काही वावगे दिसत नाही. मागच्या उन्हाळ्यात मी नोटीस लावली: ‘पाणीपुरवठ्यातील नियमिततेबद्दल कार्यकारिणी दिलगीर आहे. तूर्त नळाला शुद्ध पाणी येत असल्याने ते पिऊ नये.’ संध्याकाळपर्यंत तिच्याखाली कोणीतरी पेनाने ‘कार्यकारिणीचे हार्दिक आभार’ असे लिहून ठेवले होते. अक्षर दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीछाप वळणाचे होते, पण पुरावा नाही.

नोटिशीचे एक वेळ ठीक. आमच्या आळीतले एक मुख्याध्यापक निवृत्त झाले, त्यांच्या मानपत्राचे कामही माझ्याकडेच आले. मानपत्र म्हणजे ‘अ’ची खाणच असते हे तुम्हाला ठाऊक आहे. रात्री अकरा वाजता ते छापून घेतले, सकाळी काचेच्या चौकटीत बसवले, संध्याकाळी समारंभात वाचले गेले, टाळ्याही झाल्या. त्यात लिहिले होते, ‘आपले शिक्षणक्षेत्रातील कार्य तुलनीय असून आपली सेवा केवळ विस्मरणीय आहे. आपण खऱ्या अर्थाने जातशत्रू आहात.’ वाचणाऱ्याने सवयीने ‘अ’ घालून वाचले असावेत आणि ऐकणाऱ्यांनी सवयीने टाळ्या वाजवल्या असाव्यात. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचा फोन आला. माझे पाय गळाठले. ते म्हणाले, “चाळीस वर्षं मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या हो मी. माझी उत्तरपत्रिका इतकी कडक कोणी तपासली नव्हती.” ती चौकट अजून त्यांच्या भिंतीवर आहे. मी त्या घरी जायचे टाळतो.

पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली विनोबांचा जन्म झाला. या ‘अ’च्या भानगडीत मला विनोबांची फार आठवण झाली. अहिंसा, अस्तेय, असंग्रह, अस्वाद, अभय. एकेकातला ‘अ’ काढून पाहा. हिंसा, स्तेय म्हणजे चोरी, संग्रह, स्वाद आणि भय. या पाचही गोष्टी आपल्या घराघरांत सुखाने नांदत आहेत. त्यांच्यासाठी आश्रम काढावा लागत नाही की पहाटे चारला उठावे लागत नाही. कळ नुसती चिकटून राहिली म्हणजे झाले. त्या महात्म्याने जन्मभर केले काय, तर त्या एका अक्षरावरचे बोट उचलले नाही. आम्ही त्याच तालुक्यात राहतो आणि आमचे बोट दहांतून तीनदा घसरते. म्हणजे कळ घसरते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

दुरुस्तीचे प्रयत्न मी घरगुती पायरीपासून सुरू केले. आधी शिफ्ट धरून ती कळ पुन्हा पुन्हा दाबली. पाचव्यांदा शिफ्ट दाबल्यावर संगणकाने एक पेटी उघडून अदबीने विचारले, ‘स्टिकी कीज चालू करायच्या आहेत का?’ चिकट कळा चालू करू का! अरे बाबा, तेवढीच एक गोष्ट इथे आपणहून चालू आहे! पुढे पुतण्याकडून कळले की ती सोय ज्यांना दोन कळा एकदम दाबणे जमत नाही त्यांच्यासाठी असते. एका हाताने काम करणाऱ्याला आधी शिफ्ट दाबून सोडता येते, मग दुसरी कळ. सोय चांगली आहे. नाव ठेवणाऱ्याने जरा विचार करायला हवा होता.

मग कीबोर्ड उलटा करून, दूध प्यायलेल्या बाळाला थोपटतात तसा थोपटला. पोहे पडले. पेणचे पोहे प्रसिद्ध आहेत, ते पातळ असतात आणि कुठेही जातात. पोह्यांमागून पापडाचे तुकडे आले, तेही पेणचेच. एकूण त्या कीबोर्डात आमच्या गावचा व्यापारी माल बऱ्यापैकी साठवलेला होता. पण ‘अ’ काही सुधारला नाही. पुतण्याने फोनवरून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणायला सांगितले. औषधाच्या दुकानात मागितले तर दुकानदार म्हणाला, “जखम कुठं झालीय?” मी म्हटले, “‘अ’ला.” त्याने बाटली दिली आणि माझ्याकडे जरा काळजीने पाहिले.

पाठीमागचे स्क्रू काढून मी तो उघडला तेव्हा मला पहिल्यांदा कळले की या यंत्रात यंत्र असे काही नसतेच. प्रत्येक कळीखाली एक रबराचे बुच, आणि बुचांखाली प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीज वाहणाऱ्या रेघा, मधल्याला भोके. कळ दाबली की त्या भोकातून वरची रेघ खालचीला टेकते, बस्स. आत एक चिमुकली चिप सारखी ओळीओळीने हजेरी घेत फिरते. एखादी कळ दाबलेली दिसली तरी तिचा लगेच विश्वास धरत नाही, कारण दोन रेघा टेकताना जराशा थरथरतात आणि एकाचे दोन स्पर्श भासतात. म्हणून ती काही सहस्रांश सेकंद थांबते, पुन्हा पाहते आणि मगच अक्षर उमटवते. एवढा धीर आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत कोणी धरलेला मी पाहिला नाही.

स्पिरिट लावले, पुसले, वाळवले, स्क्रू लावले. दोन उरले. ‘अ’ होता तसाच.

“नवीन घ्या ना,” ही म्हणाली. पेणच्या दुकानदारानेही तेच सांगितले. चारपाचशे रुपयांत नवा येतो, दुरुस्तीला कोण हात लावणार? हिशेब बिनतोड होता. पण मी काही नवा घेईना, आणि त्याचे कारण काटकसर हे नव्हते. कारण असे की ती कळ बिघडल्यापासून माझ्या आयुष्यात एक विलक्षण सुख आले होते. माझ्या चुका संपल्या होत्या. नोटिशीत काही चुकले की मी म्हणे, “कळ हो, कळ!” आणि माणसे मान हलवून जात. ‘अ’ सोडून ‘ग’ गळाला तरी कळच. एकदा सभेची तारीखच चुकली, एकवीसच्या जागी बारा पडली. अध्यक्षांना मी फोनवर सांगितले, “कीबोर्ड खराब आहे.” आकडे त्या कळीवर नसतात, ते वरच्या ओळीत असतात आणि माझे आकडे ठणठणीत आहेत. अध्यक्षांना ते ठाऊक नव्हते, मला होते.

या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला. कायमची मेलेली कळ कोणाच्या उपयोगी पडत नाही. तिच्यावर चूक ढकलायला गेले तर लोक म्हणतात, मग बदलली का नाहीस? अधूनमधून चिकटणारी कळ मात्र सोन्याची. आणि संगणकात तर त्याची तपासणीही होत नाही. ‘अ’ कळीने गिळला की बोटाने टाकलाच नाही, कागदावर खूण म्हणून उरत नाही. शेजारची अक्षरे सरकून जागा भरून काढतात आणि साळसूद चेहऱ्याने उभी राहतात. मग दोष नेमका कोणाचा? देव जाणे. असे म्हणून मी झोपी जात असे.

झोप मात्र लागत नसे. कारण ‘देव जाणे’ हे मी आयुष्यात आधीही एकदा म्हटलेले होते.

१९८४ साली मी पेणमधल्या एका कचेरीत मराठी टंकलेखक होतो. कचेरीचे नाव सांगत नाही, आणि माझ्या यंत्राच्या कंपनीचेही सांगत नाही. दोष कोणाचा हेच तर ठरायचे आहे. तीस शब्दांची परीक्षा पास, चाळिसाची तयारी चालू. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये बदलून रायगड झाले होते, पण कचेरीत जुने छापील कागद ढीगभर शिल्लक. तेव्हा प्रत्येक पत्रावर ‘कुलाबा’वर फुल्या मारून वर ‘रायगड’ टाईप करणे ही माझ्याकडून घडलेली इतिहासाची पहिली सेवा.

ज्यांनी मराठी टाइपरायटर पाहिला नाही त्यांना सांगतो. गोदरेजने भारतात टंकयंत्रे करायला १९५५ साली सुरुवात केली आणि २००९ च्या सुमारास ती थांबवली. तोवर कचेरी म्हटले की त्या लोखंडाचा खडखडाट आलाच. मराठी यंत्राची मौज अशी की ख, ण, श, भ, ध यांसारखी अक्षरे त्यात अर्धीच असत. अर्धा ‘श’ मारायचा आणि पुढे काना मारून त्याला पुरा करायचा. मात्रा, अनुस्वार यांच्या कळा मारल्या तर गाडी पुढे सरकायची नाही, कारण त्यांना अक्षराच्या डोक्यावरच बसायचे असे. बाकी प्रत्येक कळीला गाडी एक घर पुढे जाई. हे एक घरही लक्षात ठेवा.

पेणची हवा खाडीची, दमट आणि खारट. मिठागरांना ती मानवते, यंत्रांना नाही. पावसाळ्यात अक्षरांचे दांडे आपापल्या खाचांत जड होत. माझ्या यंत्राचा ‘अ’ जरा जास्तच आळशी होता, हे खरे. त्यासाठी महिन्यातून एकदा रोह्याहून एक मेकॅनिक येत. एस.टी.ने येत, खांद्याला कॅनव्हासची पिशवी, तीत तीन ब्रश, पेट्रोलची बाटली आणि तेलाची एक इतकीशी कुपी. तेल कमी का, असे मी एकदा विचारले तर म्हणाले, “भाऊसाहेब, तेलावर धूळ बसते. मशीनला तेल आणि माणसाला कौतुक, दोन्ही थेंबानं.” चार आळ्यांतल्या कचेऱ्या आणि दोन टायपिंग क्लास, असा त्यांचा पेणचा संसार होता.

त्या वर्षी एका कर्जयोजनेच्या अर्जांची यादी मी टाईप केली. अनुक्रमांक, नाव, गाव, रक्कम आणि शेवटच्या रकान्यात निर्णय: पात्र किंवा अपात्र. शुक्रवारची दुपार. मला सव्वापाचची रोह्याची एस.टी. गाठायची होती, कारण रोह्याला मी मुलगी बघायला जाणार होतो. यादी फलकावर लागली. तिच्यात एक गणपतीचे कारागीर होते, त्यांच्या जागेचा सात-बारा भावाच्या नावावर असल्याने त्यांचा अर्ज अपात्र ठरला होता. यादीत मात्र ‘पात्र’ होता. त्यांनी शनिवारी ती वाचली आणि घरी पेढे नेले. सोमवारी, आता कर्ज मिळतेच आहे म्हणून, गुजरातेतून येणाऱ्या शाडूचा एक ट्रक उधारीवर उतरवून घेतला. बुधवारी कचेरीत आले तेव्हा त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

त्या पुड्याचे पुढे काय झाले मला आठवत नाही. साहेबांनी मला आत बोलावले, यादी समोर टाकली आणि विचारले, “हे काय?” मी म्हणालो, “कळ चिकटते, साहेब.”

वाक्य खोटे नव्हते. कळ चिकटत होती. साहेबांनी दुसरा प्रश्न विचारला, “मेकॅनिक काय करतो मग?” मी काही बोललो नाही. माझ्याकडून एवढेच झाले, बोललो नाही. पुढच्या आठवड्यात मेकॅनिकचे काम बंद झाले. पेणसारख्या गावात अशी गोष्ट एका कचेरीत थांबत नाही, ती चहाबरोबर दुसऱ्या कचेरीत जाते. दोन महिन्यांनी ते पेणला दिसेनासे झाले. कारागिरांनी उधारी फेडायला दोन गणपती घालवले. मी त्यानंतर आजतागायत गणपती त्यांच्याकडूनच घेतो, आणि घासाघीस करत नाही. त्यांचा मुलगा आता कारखाना पाहतो, त्याची समजूत आहे की मला भाव कळत नाहीत. आणि वडील असेतोवर दर वर्षी मूर्ती हातात देताना म्हणायचे, “त्या रोह्याच्या मेकॅनिकनं घोळ केला हो!” मी पाट पुढे करून उभा असे. गणपती हसतमुख असतो, ही मूर्तिकलेची कृपा.

आणि ज्या मुलीला बघायला मी धावलो, ती पसंत पडून लग्न झाले. म्हणजे माझी सासुरवाडी रोहा झाली. दैवाचा विनोद असा थेट असतो. १९८६ मध्ये रोह्यापर्यंत रेल्वे आली, जाणे सोपे झाले आणि टाळणे अवघड झाले. चाळीस वर्षे मी पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा असा प्रवास करतो आहे, आणि रोह्यात उतरल्यावर एका आळीला वळसा घालून जातो. मेव्हण्याला वाटते, मला पायी फिरायची आवड आहे.

त्यात रोहा हे चिंतामणराव देशमुखांचे नाव सांगणारे गाव. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी देशाचे अर्थमंत्रिपद सोडले. नोटांवर सही करणारा माणूस ती सही मागेही घेऊ शकला. आमच्या पत्रांच्या खाली डाव्या कोपऱ्यात टंकलेखकाची दोन आद्याक्षरे असत, मुंगीएवढी. मला तेवढीही उचलून घेता आली नाहीत.

तर असा हा ‘अ’. गेल्या श्रावणात सासरी जायचे निघाले, तेव्हा ही म्हणाली, “तो कीबोर्ड घ्या बरोबर. दादा म्हणत होता, बाजारात एक मुलगा आहे, सगळं उघडतो.” घेतला. मुलगा विशीचा, दुकान कपाटाएवढे, आत मोबाइलचे सांगाडे लटकलेले. त्याने स्क्रू काढले, उरलेले दोन मी खिशातून दिले. तो म्हणाला, “काका, पापुद्रा चांगला आहे, रबर फाटलंय.” आणि या कीबोर्डात बुचे सुटी आहेत म्हणून स्क्रोल लॉकच्या कळीखालचे बुच काढून त्याने ‘डी’च्या कळीखाली बसवले. स्क्रोल लॉक म्हणजे उजवीकडे वर असते ती. तिने आमच्याकडे दहा वर्षांत एक काम केले नव्हते. तिची तब्येत उत्तम होती.

मी म्हटले, “छान शिकलास. कुठं शिकलास?” त्याने मागे स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे बोट केले. “आजोबांनी उघडायला शिकवलं.” म्हातारे चष्म्यावरून माझ्याकडेच पाहत होते. कॅनव्हासची पिशवी नव्हती, तरी ओळखायला वेळ लागला नाही.

पळून जायचा विचार आला, हे कबूल करतो. पण कीबोर्डाचे अर्धे अवयव टेबलावर होते. मी जवळ जाऊन नाव सांगितले, कचेरी सांगितली. त्यांना मी आठवत नव्हतो. यंत्र आठवत होते. “रूळ उजवीकडं घासलेला, तेच ना?” तेच. मग मी सगळे सांगितले. यादी, पात्र, साहेब, आणि मी बोललो नाही ते. शेवटी म्हणालो, “पण खरं सांगू का, कळ चिकटली की माझंच चुकलं, हे मलाही नक्की सांगता येत नाही.”

ते शांतपणे म्हणाले, “भाऊसाहेब, जागा सुटली होती का?”

मी गप्प.

“कळ खालीच गेली नाही तर बोटाला कळतं. खाली गेली आणि अक्षर उमटलं नाही तर गाडी एक घर सरकते, जागा मोकळी राहते. दांडा अडकून बसला तर पुढचा दांडा त्याच्यात गुंततो, मशीन थांबतं. रकान्यात ‘पात्र’ एक घर आत होतं, का बाकीच्यांच्या ओळीत?”

हे काही नवे नव्हते. टायपिंग क्लासात पहिल्या महिन्यात शिकवतात. आणि आता हे लिहिलेच आहे तर तेही लिहितो. त्या बुधवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी कार्बनची प्रत काढून खिडकीशी नेऊन पाहिली होती. ‘पात्र’ सरळ ओळीत उभा होता, इतर पात्रांच्या खाली, केसभरही आत नाही. म्हणजे चाळीस वर्षे मी देव जाणे, देव जाणे म्हणत होतो, तेव्हा देवाबरोबर मीही जाणत होतो.

“ओळीत होतं,” मी म्हणालो.

“मग बोट.” त्यांनी निकाल दिला आणि नातवाकडे वळून म्हणाले, “त्या शिफ्टखालीही पूस जरा.”

मी विचारले, “तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“विचारलं कुणी? पत्र आलं. ‘आपली सेवा असमाधानकारक आढळल्याने अनावश्यक ठरविण्यात येत आहे.’ तुमच्याच मशीनवरचं. दोन्ही ‘अ’ काय सुरेख उठले होते! तेव्हाच समजलो, मशीन चांगलं आहे.”

ते पत्र मी टाईप केले होते. ते मी विसरलो होतो, खरोखरच. निदान आता तरी असे वाटते की खरोखर.

त्यांनी मला क्षमा वगैरे केली नाही. चहा मागवला. म्हणाले, पेण सुटल्यावर धाटावच्या कारखान्यांतली कामे मिळाली, मुले शिकली, चाललं. दोन टायपिंग क्लास सुटले ते मात्र वाईट झालं, तिथली पोरं चांगली होती. एवढे बोलून ते रूळ कसा बदलायचा असतो यावर बोलू लागले. उठताना मी मुलाला पैसे विचारले. तो म्हणाला, “पन्नास द्या.” मी पाचशेची नोट पुढे केली आणि राहू दे म्हणालो. म्हाताऱ्यांनी ती नातवाच्या हातातून घेतली, साडेचारशे मोजून माझ्या हातावर ठेवले, आणि दोन्ही बाजूंनी तपासून पाहिलेत ना, असे विचारले.

रात्री हिला सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे माझ्यामुळं झालं म्हणा ना. सव्वापाचची एस.टी.!” मी घाईघाईने म्हटले, “छे, छे, बोटामुळं.” ती म्हणाली, “सहाची गाडी होती की.” सहाची गाडी होती, हेही मला माहीत होते.

आता कळ ठणठणीत आहे. दहांतून दहा वेळा उमटते. परवा सोसायटीची नोटीस लावली, आणि तासाभरात अध्यक्षांचा फोन आला. “अहो, ‘थकबाकी भरणे निवार्य आहे’ असं पडलंय. कीबोर्ड परत बिघडला वाटतं?”

वाक्य त्यांनी आयते हातात दिले होते. नुसते हुं म्हटले असते तरी भागले असते.

“नाही हो,” मी म्हणालो, “कीबोर्ड चांगला आहे.”

पलीकडे जरा शांतता. मग ते म्हणाले, “मग आता नवा बघायचा का?”

कीबोर्ड की चिटणीस, ते मी विचारले नाही.